बटणाच्या आधी

वाजलं

फोन वाजला, पण नेहमीच्या आवाजात नाही. हा आवाज थोरलीनं मुद्दाम निवडला होता. कर्कश, घरातल्या कुठल्याच दुसऱ्या आवाजाशी न जुळणारा. त्याचा अर्थ एकच होता: धाकट्याला फीट येते आहे.

प्रयोगशाळेतल्या खुर्चीतून ती उठली ती घरी फोन लावतच. धाकटा आज दुसऱ्या गावी निघाला होता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं होतं. मेणाचे दात कोरायचे, बसून करायचं काम. आयुष्यात पहिल्यांदा तो एकटा राहणार होता. आत्ता तो दारातच असेल. पडला तर पायऱ्यांवरून पडेल.

आईनं फोन उचलला. मागे धाकट्याचं हसणं ऐकू येत होतं.

"अगं, काही नाही झालं," आई म्हणाली. "निघताना मी जरा हात धरला त्याचा, तर हा पट्टा बोंबललाच."

धाकट्यानं मागून निरोप दिला की ताईला सांग, तुझ्या पट्ट्याला आईचा लळा लागलाय. थोरली हसली. सांभाळून जा म्हणाली, पोचलास की कळव म्हणाली, फोन ठेवला.

पण खाली बसली नाही.

निघताना मी हात धरला.


पट्टा

धाकट्याच्या मनगटावरच्या पट्ट्यात नखाएवढी चिप होती आणि चिपमध्ये कृत्रिम पेशींचं जाळं. मेंदूतल्या पेशींची नक्कल. अशी एक पेशी काय करते?

एक थेंब येतो. काही नाही.

अजून एक. काही नाही.

थोडं गळून जातं.

थेंब, थेंब, थेंब, लागोपाठ. काठोकाठ भरलं की ठिणगी. मग रिकामं. मग क्षणभर ढिम्म.

बस, एवढंच. ही पेशी आकडे सांगत नाही. तिचं बोलणं ठिणगीतून, आणि सगळा अर्थ ठिणगी केव्हा पडली यात. म्हणून तिला वीज लागते चिमूटभर, आणि पट्टा कितीतरी दिवस चार्जिंगशिवाय चालतो.

अवघड असतं ते तिला शिकवणं. साध्या जाळ्यांची रुळलेली पद्धत अशी: शेवटी किती चुकलं ते मोजायचं आणि ती चूक मागे मागे वाटत न्यायची, ज्याचा जेवढा दोष तेवढा त्याच्या पदरात. ठिणगीपाशी ही वाटणी अडते. ठिणगी पडते किंवा पडत नाही. किंचित पडली असं नसतं, मग किंचित सुधार कसं सांगायचं?

शेजारच्या टेबलावरचा शंकासुर यावर एक युक्ती वापरायचा. त्याला सगळे शंकासुरच म्हणत, आणि का म्हणता ही शंका मात्र त्यानं कधी काढली नव्हती. शिकवताना ठिणगीच्या उभ्या कड्याऐवजी तिथे गुळगुळीत उतार आहे असं समजायचं. मोठ्या संगणकावर, ढीगभर रुग्णांच्या नोंदींवर जाळं घासूनपुसून तयार करायचं आणि मग चिपवर उतरवायचं. त्याचं जाळं धाकट्याच्या मनगटावर घातलं तेव्हा ते दात घासताना वाजलं, टाळी वाजवताना वाजलं, अंडं फेटताना वाजलं. खरी फीट आली तेव्हा गप्प बसलं. धाकट्याची फीट जगावेगळी होती. आधी तो थिजायचा. डावा अंगठा हळूच तळहातात वळायचा. मग नजर जायची, आणि मग उरलेलं सगळं.

तेव्हा थोरलीनं शाळा घरातच भरवली. पट्टा धाकट्याच्या मनगटावर, धाकट्याकडूनच शिकेल. तिचा नियम सोपा होता. दोन पेशींच्या ठिणग्या पाठोपाठ पडल्या की त्यांच्यातल्या जोडणीवर थोडी ओल राहते. ती लवकरच वाळते. ओल आहे तोवर कुणी बटण दाबलं तर जोडणी पक्की. बटण नाही आलं तर जोडणी थोडी ढिली. म्हणजे बटणाच्या आधी जे घडलं त्याला श्रेय.

बटण आईच्या कमरेला. फीट दिसली की दाबायचं.

"मास्तरीणबाई," शंकासुर तेव्हा म्हणाला होता, "घरात वाढलेलं पोर घरच्यांनाच ओळखतं." त्यावर ती म्हणाली होती की तुझं गाव हिंडून आलेलं पोर तर कुणालाच ओळखत नाही.

आणि मग पट्टा वाजू लागला. प्रत्येक फीटला वाजला, आणि दर वेळी आईनं बटण दाबायच्या आधी वाजला. या "आधी"वर सगळं उभं राहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली ती या आधीवर. आई कबूल झाली ती या आधीवर. धाकट्यानं नोकरीला हो म्हटलं, खोली घेतली, बॅग भरली.


आधीच्याही आधी

प्रयोगशाळेत एक जादा पट्टा होता. धाकट्याचा पट्टा जे शिके, ते त्यातही उतरवलेलं असे. थोरलीनं तो स्वतःच्या मनगटावर बांधला आणि शंकासुराला म्हणाली, माझा हात धर.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग धरला, जरा अवघडून. पट्टा गप्प.

"असा नाही. घाबरलेला माणूस धरतो तसा."

त्यानं घट्ट धरला. गप्पच.

मग तिनं त्याचा हात सोडवला आणि आपलं मनगट आपणच धरलं, आई धरते तसं. अंगठा नाडीवर. चार बोटं खालून. एक दाब. जरा थांबून दुसरा, अधिक जोराचा, जागा हो जागा हो म्हणणारा.

पट्टा वाजला.

शंकासुरानं आपली खुर्ची जवळ ओढली.

तिनं सोडलं, पुन्हा धरलं. वाजला. सोडलं, धरलं. वाजला.

आता तिला सगळं दिसत होतं, जसं आईला स्वयंपाकघरातून दिसत असेल. खुर्ची करकरते. आई हातातलं टाकून धावते. पोचेपर्यंत धाकट्याचं थिजणं, अंगठ्याचं वळणं केव्हाच होऊन गेलेलं. त्या जोडण्यांवरची ओल वाळून खडखडीत. आई आधी मनगट धरते. तिच्या मुठीत त्याची थरथर दबते आणि पट्ट्याला जाणवतो फक्त तिचा हात. मग दुसऱ्या हातानं ती कमरेचं बटण चाचपते. सापडत नाही. सापडतं. दाबते. त्या क्षणी ओलं काय आहे? आईचा हात. श्रेय कुणाला? आईच्या हाताला.

आणि थोरलीच्या तपासणीत नोंद व्हायची ती दोनच गोष्टींची, पट्टा केव्हा वाजला आणि बटण केव्हा दाबलं. धरणं कुठेच नव्हतं. पट्टा धरल्यावर वाजायचा आणि बटणाच्या आधी वाजायचा. नोंद म्हणायची, वा, आईच्याही आधी ओळखलं.

"एक खात्री करू," शंकासुर शेवटी म्हणाला.

रुग्णालयातल्या तपासणीतली, मनगटाच्या हालचालींची आणि नाडीची एक जुनी नोंद होती. धाकटा पलंगावर, आई बाहेर बाकावर. त्या फीटला कुणी त्याला हात लावला नव्हता. ती नोंद त्यांनी चिपला जशीच्या तशी ऐकवली. थिजणं आलं. अंगठा आला. थरथर आली, गेली.

चिप शांत. गाढ झोपलेल्या बाळासारखी शांत.


मधे

धाकट्याचा फोन बंद.

पुन्हा लावला. बंद.

फोन बंद म्हणजे पट्टा वाजला तरी निरोप कुठेच जाणार नाही, असं तिच्या मनात आलं. मग आलं की तो वाजणारच नाही आहे. मग आलं की यातलं अधिक वाईट कुठलं ते तिला ठरवता येत नाही आहे, आणि असल्या वेळी आपण तुलना का करतो आहोत.

बसच्या कचेरीत फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, प्रवाशाला काय झालंय? काही नाही, थोरली म्हणाली. मग चालकाला काय कळवू? थोरली शब्द जुळवू लागली. शेजारी कुणी बसलं असेल तर माझ्या भावाच्या डाव्या अंगठ्याकडे लक्ष ठेवा, असं कळवायचं? बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, लहान मूल आहे का? थोरली म्हणाली, सव्वा मीटर छाती आहे. आणि फोन ठेवून दिला.

आईला सांगायचं का? आईला सांगितलं तर ती पुढच्या बसनं निघेल.

फोन बंद.

शंकासुरानं तिच्यापुढे चहा ठेवला. चहावर साय धरली. तो तिच्या टेबलापाशी उभाच राहिला. तो शंका विचारत नव्हता याचीच तिला भीती वाटत होती.

फोन बंद.

फोन बंद.

वाजतोय.


ठोंब्या

"आईमुळे बंद केला होता," धाकटा म्हणाला. "बसलास का, टेकलास का, खिडकी लावलीस का. शेजारचे आजोबा म्हणाले, बायको का? म्हटलं, त्याहून वरची."

तो खोलीवर पोचला होता. थोरलीनं त्याला खाली बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. मधे थांबली नाही. थांबली असती तर गोड करून सांगितलं असतं.



"म्हणजे इतके दिवस हा आईला ओळखत होता."

"हो."

"आणि मला?"

"तुला नाही."

"मी परत येणार नाही, ताई."

"मी कुठे म्हटलं परत ये?"

"तू श्वास घेतलास तसा."

ती खरंच तेच म्हणणार होती. त्यानं मग शांतपणे सांगितलं की कारखान्यात माणसं असतात, तिथली काळजी नको. प्रश्न सकाळचा आहे, आणि त्याची फीट नेहमी सकाळचीच. तोवर तो अंघोळ बसून करील, शेगडीला हात लावणार नाही. पण बॅग पुन्हा भरणार नाही. आयुष्यभर कुणीतरी स्वयंपाकघरातून कान लावून बसायचं, हे आता पुरे.

"ये आणि नीट शिकव त्याला," तो म्हणाला. "तूच ना मास्तरीण."

निघायच्या आधी शंकासुरानं तिला आपलं घासूनपुसून तयार केलेलं जाळं दिलं. म्हणाला, खालचा मजला माझा घे. हालचाल म्हणजे काय, नाडी म्हणजे काय, एवढं त्याला जगभरचं ठाऊक आहे. वरचा मजला तुझा, तिथे भाऊ शिकव. आणि ती ओल जरा जास्त वेळ टिकू दे, तुझी माणसं लांबून धावत येतात. हे त्यानं पडद्याकडे बघत सांगितलं. आपल्या जाळ्यावर दुसऱ्याची शाळा चढलेली त्याला आवडत नव्हती, तरी दिलं.


विसर

पाटीवर आधीचं लिहिलेलं असताना नवीन लिहिता येत नाही. वरचा मजला सगळा पुसला असता तर धाकट्याचं चालणं, उठणं, कूस बदलणं, हेही गेलं असतं. तेव्हा आईचा हात तेवढा विसरायला लावायचा होता.

त्याला एकच उपाय. संध्याकाळी धाकटा कामावरून यायचा, नखांत मेण घेऊन, आणि थोरली त्याच्यासमोर बसून त्याचं मनगट धरायची, आईसारखं. अंगठा नाडीवर, चार बोटं खालून. पट्टा वाजायचा. बटण दाबायचं नाही. सोडायचं. पुन्हा धरायचं. वाजायचा. दाबायचं नाही.

"हुबेहूब आई," धाकटा म्हणाला. "आता फक्त स्वेटर घाल म्हण."

हळूहळू पट्टा उशिरा वाजू लागला. मग कधी वाजे, कधी नाही. एकदा अशाच वेळी आईचा फोन आला. पट्टा कसा आहे? थोरलीनं सांगितलं, जरा डागडुजी चालली आहे. काही बिघडलं का? नाही गं, नव्या जागेची सवय होतेय त्याला. आई म्हणाली, माझ्या वतीनं हात फिरव त्याच्या डोक्यावरून. थोरलीनं फोन ठेवला आणि पुन्हा मनगट धरलं. या वेळी पट्टा गप्प राहिला. पुन्हा धरलं. गप्प.

हे व्हायलाच हवं होतं. ती उठून गॅलरीत गेली आणि वाळत घातलेला त्याचा कोरडा शर्ट पुन्हा झटकून वाळत घातला.


वाट

सकाळ. खोलीत मधोमध गादी, भोवती उशा. एका खुर्चीत थोरली, मुठीत बटण. नजर डाव्या अंगठ्यावर.

नियम तिनं स्वतःलाच घातला होता. अंगठा वळला की बटण. हात लावायचा नाही. पट्ट्याला पुन्हा कुणाचा हात सापडता कामा नये.

आज नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटा खुशीत होता. थोरलीला वाटलं, येत कशी नाही. आणि मग आपल्याला काय वाटलं ते तिला ऐकू आलं. लहानपणापासून जी येऊ नये म्हणून सगळं घर पाय न वाजवता चाललं, तिची ती एखाद्या उशीर झालेल्या पाहुण्यासारखी वाट बघत होती. घड्याळाकडे बघत, चिडत.

"आली की हाक मारीन," धाकटा म्हणाला. "तू जरा पापणी लवू दे."

त्याच्या पुढच्या सकाळी तो गादीवर बसून मोजे शोधत होता. बोलता बोलता वाक्य अर्धंच राहिलं. अंगठा वळला.

तिनं बटण दाबलं.

तिचा दुसरा हात निघालाही होता. तिनं तो मागे ओढला आणि त्यावर बसली. खरंच बसली, मांडीखाली घालून. समोर तिचा भाऊ आडवा झाला, उशीवर, कुशीवर, आणि त्याला जे व्हायचं ते होत राहिलं. ती बघत राहिली. बघणं एवढंच काम असतं तेव्हा ते किती लांबतं हे तिला कधी कळलं नव्हतं. धाकट्याची बोटं गादीवर काहीतरी शोधत असल्यासारखी चालली होती. ती काही शोधत नसतात हे तिला ठाऊक होतं.

शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "धरलास?"

"नाही."

"शाब्बास," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पट्टा त्या दिवशी वाजला नाही. अपेक्षितच होतं. नंतरच्या फीटला वाजला, पण अर्ध्यातून, उशिरा पोचलेल्या माणसासारखा. तिच्या बटणाच्याही मागाहून.


इस्त्री

त्या सकाळी फीटचं कुणाच्या मनातही नव्हतं. धाकटा खिडकीपाशी उभा राहून शर्टाला इस्त्री करत होता आणि कारखान्यातली गोष्ट सांगत होता. एका म्हातारबुवांनी कवळी परत आणली होती. तक्रार अशी की ही घातली की मी भावासारखा दिसतो, आणि आमचं बोलणं नाही.

पट्टा वाजला.

थोरलीनं अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा इस्त्रीच्या मुठीवर, सरळ. नजर जागेवर. रंग जागेवर. तिला काहीच दिसत नव्हतं.

"खोटं वाजलं," धाकटा म्हणाला. "टाळीला वाजणारा तो खालचा मजला."

"इस्त्री ठेव."

"अगं, मला काही होत नाहीये."

"ठेव, आणि बस."

त्यानं उसासा सोडला, तिच्या समाधानासाठी. इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं, गादीवर येऊन भिंतीला टेकून बसला. थोरली खुर्चीच्या कडेवर. काही नाही. इस्त्री टिकटिक करत निवत होती. काही नाही. धाकटा तिच्याकडे बघत होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू जमवत, आता हिची फजिती करायची म्हणून. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. सुरू होत नव्हती. काही नाही. ती उठायला लागली.

हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस गेला.

अंगठा वळला.

नंतर, बऱ्याच नंतर, त्यानं डोळे उघडले आणि खोलीकडे पाहिलं. शर्ट टेबलावर. इस्त्री उभी. तो स्वतः गादीवर, कुठेही न लागलेला.

"मी बसलो होतो?" त्यानं विचारलं.

"बसला होतास."

"मी? आधी?"

"आधी."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.


बेरीज नाही

शंकासुरानं रुग्णालयातली जुनी नोंद नव्या जाळ्याला ऐकवली होती. वाजलं. टाळ्या ऐकवल्या, दात घासणं ऐकवलं. नाही वाजलं. तरी त्यानं फोनवर बजावलं की एका सकाळवरून काही ठरत नसतं. उद्या त्याला सर्दी होईल, उन्हाळा येईल, नाडी बदलेल, पट्टा शिकत राहील आणि शिकता शिकता काय विसरेल कुणी सांगावं. एवढ्यावर मी छापायला देणार नाही, म्हणाला.

"मी कुठे छापायला देतेय," थोरली म्हणाली. "मी भावाला ठेवून येतेय."

मग तो म्हणाला, रोज नोंदी पाठव, मी बघीन.

आईला तिनं सगळं आता सांगितलं, फोनवरच. हात, ओल, बटण. आईनं शेवटी एवढंच विचारलं:

"मग मी काय, नुसतं बघत बसायचं होतं?"

थोरलीकडे उत्तर होतं. हो, असं. ते तिनं दिलं नाही. म्हणाली, चूक माझी होती, मी तुझा हात मोजलाच नाही. आई म्हणाली, मोजून काय होणार होतं. आणि मग विचारलं, तो जेवतो का.

बस दुपारची होती. धाकट्यानं तिची बॅग दारापर्यंत आणली. रजेचा दिवस होता, त्याला झोपायचं होतं. खाली सोडायला येतो म्हणाला. ती नको म्हणाली. आता जा, तो म्हणाला, नाहीतर हा पट्टा तुझ्यावर शिकेल. ती हसली, पण बॅग उचलताना तिची नजर पट्ट्यावर गेली, कारण ते अगदीच अशक्य नव्हतं.

दार लागलं.

जिना उतरायला तिनं पाऊल उचललं आणि मागे आवाज ऐकला. कडी. त्यानं आतून कडी लावली होती.

ती थांबली. ते त्याचं दार होतं. त्याच्या आयुष्यातली पहिलीच कडी असेल. घरी न्हाणीघराला कडीच नव्हती. आत तो पडला तर पट्टा वाजेल, निरोप घरमालकांपर्यंत जाईल, ते धावत येतील आणि बाहेर उभे राहतील. तिनं दारावर मूठ नेली. एक टकटक. फार तर दोन शब्द. तो काढील, हसेल, काही बोलणार नाही, आणि उद्यापासून दर वेळी कडीला हात लावताना त्याला तिची टकटक ऐकू येईल.

मूठ तिनं तशीच हवेत धरून ठेवली. आत पंखा फिरत होता. पावलं गादीपर्यंत गेली. थांबली.

परत आली.

कडी निघाल्याचा आवाज झाला, हलका, कुणाला ऐकू जाऊ नये इतका हलका. पावलं पुन्हा लांब गेली.

थोरली चपला न वाजवता जिना उतरली. रस्त्यावर ऊन होतं. फोन तिनं पर्समध्ये टाकला, चार पावलं चालली, थांबून तो पुन्हा बाहेर काढला, आवाज मोठा केला आणि हातातच धरून बसच्या दिशेनं निघाली.